समुद्राचा प्राणवायू आणि नागपूरचे सांडपाणी

नागपुरातील नंदनवनजवळून वाहणाऱ्या नाग नदीचे पाणी कन्हान, वैनगंगा, प्राणहिता आणि गोदावरीतून बंगालच्या उपसागराला मिळते. म्हणून किनाऱ्यालगतच्या समुद्रातला प्राणवायू का घटतो, हे नागपूरकरांनीही समजून घ्यायला हवे.

गैरसमज : लाटा उसळतात, म्हणजे समुद्रात प्राणवायू भरपूर असतो.
वस्तुस्थिती : लाटांनी हवा मिसळते ती वरच्या थरात. तापलेले पाणी हलके असल्याने वरच राहते आणि तळाला ताजा प्राणवायू मिळत नाही. शिवाय गरम पाण्यात तो विरघळतोही कमी. एक लिटर गोड्या पाण्यात ० अंशाला सुमारे १४.६ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशाला जेमतेम ७.५. १९६० नंतरच्या पन्नास वर्षांत महासागरांतला सुमारे २ टक्के प्राणवायू घटला.

गैरसमज : शेवाळ प्राणवायू देते, मग ते वाढलेले चांगलेच.
वस्तुस्थिती : खतांतील आणि सांडपाण्यातील नायट्रोजन-फॉस्फरसवर सूक्ष्म शेवाळ बेसुमार वाढते. ते मेले की तळाशी बसते आणि ते कुजवताना जिवाणू तिथला प्राणवायू संपवतात. तो लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या खाली गेला की मासे दूर पळतात. ज्यांना पळता येत नाही ते जीव मरतात.

गैरसमज : हे सगळे माणसानेच केले.
वस्तुस्थिती : कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात खोल समुद्रातले कमी प्राणवायूचे पाणी निसर्गतःच वर येते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० साली ‘नेचर’मध्ये याविषयी शोधनिबंध लिहिला. मुळात दम कमी असलेल्या अशा समुद्राला वाढती उष्णता आणि आपली घाण अधिक घातक ठरते.

गैरसमज : समुद्र दूर आहे, नागपूरचा काय संबंध?
वस्तुस्थिती : अमेरिकेत आयोवातील मक्याच्या शेतांतले खत मिसिसिपी नदीतून मेक्सिकोच्या आखातात पोहोचते आणि दर उन्हाळ्यात तिथला तळ गुदमरतो. नाग नदीची घाण तर समुद्राआधीच वैनगंगेवरील गोसीखुर्दच्या जलाशयात शिरते. प्राणवायू संपवणारी प्रक्रिया गोड्या पाण्यातही तीच.

गैरसमज : सांडपाणी प्रक्रिया केंद्र उभारले की प्रश्न सुटला.
वस्तुस्थिती : साध्या प्रक्रियेत कुजणारा मैला कमी होतो, पण नायट्रोजन आणि फॉस्फरस बरेचसे तसेच पुढे जातात. ते काढणारी प्रक्रिया वेगळी लागते. समुद्र तापवणारा हवामान बदल थांबवायला साऱ्या जगाची साथ हवी. सांडपाण्यावरची ही प्रक्रिया मात्र शहराच्या हातात आहे. नदी स्वच्छतेच्या प्रत्येक योजनेत नागपूरकरांनी तिचा आग्रह धरायला हवा.