अंड्याला ऊब हवी असते, मग तापलेला समुद्र माशांच्या मुळावर का येतो?

कोंबडी अंड्यांवर बसते, ऊब देते आणि साधारण २१ दिवसांनी पिल्लू बाहेर येतं. समुद्रातल्या बहुतेक माशांच्या अंड्यांना असं उबवणारं कुणी नसतं. पाण्याचं तापमान तेच अंड्याचं तापमान. त्यामुळे पिल्लू कधी बाहेर येणार आणि मुळात येणार का, हे बऱ्याच अंशी पाणीच ठरवतं.

अमेरिकेतल्या अलास्काच्या मच्छीमारांना याचा मोठा फटका बसला आहे.

पाणी गरम असलं की अंडं लवकर फुटतं का?

हो, पण एका मर्यादेपर्यंतच. अलास्काच्या आखातात मिळणाऱ्या पॅसिफिक कॉड माशाचं उदाहरण घ्या. ४-५ अंश सेल्सिअस पाण्यात त्याची अंडी फुटायला अडीच-तीन आठवडे लागतात. पाणी आणखी थंड असेल तर जास्त दिवस लागतात, गरम असेल तर कमी.

मग अडचण कुठे येते?

ऑक्सिजनपाशी. तापमान वाढलं की गर्भाची ऑक्सिजनची गरज वाढते, पण गरम पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन कमी असतो. अंड्यातल्या गर्भाचे कल्ले अजून तयार झालेले नसतात. कवचातून झिरपेल तेवढ्याच ऑक्सिजनवर त्याला भागवावं लागतं. मर्यादा ओलांडली की अनेक गर्भ अंड्यातच मरतात.

पॅसिफिक कॉडच्या अंड्यांसाठी ३ ते ६ अंश हा पट्टा सर्वांत चांगला. त्याची मादी हंगामात एकदाच लाखो अंडी घालते आणि ती समुद्राच्या तळाला चिकटून राहतात. पाणी तापलं तर मोठा मासा पोहत दुसरीकडे जाईल, अंडं कुठे जाणार?

अलास्कात काय घडलं?

२०१४ ते २०१६ या काळात तिथे समुद्री उष्णतेची लाट आली. ‘ब्लॉब’ या नावाने ती जगभर ओळखली गेली. तळाचं पाणीही तापलं आणि अंडी फुटण्याजोगी जागा आक्रसली. त्या वर्षांत लहान कॉड फारच कमी सापडले. जे जन्मले त्यांच्यापुढेही संकट होतं, कारण गरम पाण्यात अंगातला बलक लवकर संपतो आणि पिल्लाला लवकर खाद्य शोधावं लागतं. दुसरीकडे मोठ्या माशांची भूक वाढली, पण खाद्य घटलं.

परिणामी २०१८ साठी पकडीची मर्यादा सुमारे ८० टक्क्यांनी कमी केली गेली. २०२० मध्ये तर आखाताच्या संघराज्य हद्दीतली कॉडची मासेमारी बंदच ठेवावी लागली. २०२१ मध्ये ती मर्यादित प्रमाणात पुन्हा सुरू झाली.

हे फक्त कॉडपुरतंच आहे का?

नाही. जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेच्या शास्त्रज्ञांनी समुद्रातल्या आणि गोड्या पाण्यातल्या ६९४ प्रजातींची माहिती तपासली. तो अभ्यास २०२० मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आला. अंड्यातले गर्भ आणि अंडी घालण्याच्या बेतातले मासे हे इतर माशांपेक्षा उष्णतेला खूपच कमी तग धरतात, असं त्यात दिसलं. जागतिक तापमानवाढ १.५ अंशांवर थांबली, तर या शतकाअखेर सुमारे १० टक्के प्रजातींचं प्रजनन धोक्यात येईल. उत्सर्जन बेसुमार वाढत राहिलं तर हे प्रमाण ६० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं.

म्हणजे समुद्रात मोठे मासे दिसतात म्हणून सगळं ठीक आहे, असं नाही. उद्याची पकड आजच्या अंड्यांवर ठरते.