मासोळीलाही कायदा आहे

तणनाशकांनाही लागू असलेल्या कीटकनाशक कायदा, 1968 मध्ये ‘प्राणी’ या शब्दाच्या व्याख्येत मासे स्पष्टपणे येतात. नोंदणीपूर्वी माणसे व प्राण्यांची सुरक्षितता तपासणे बंधनकारक. बेडकाचे मात्र नावही नाही! ग्लायफोसेटच्या कित्येक मिश्रणांत औषध पानावर पसरावे म्हणून घातलेला पीओईए हा साबणासारखा घटक जलचरांना मूळ रसायनापेक्षा जास्त घातक. तो माशांच्या कल्ल्यांना इजा करतो. म्हणजे तपासायचे ते डब्यातले संपूर्ण द्रावण. 2022 साली केंद्राने हा वापर फक्त कीड नियंत्रण चालकांपुरता मर्यादित केला. पण विदर्भातल्या चोरट्या कपाशीत पाठीवर पंप घेतो तो आपलाच भूमिहीन मजूर, आणि नाल्यातली मासोळी येते त्याच्याच ताटात. नोंदणी समितीने जलचरांबाबत कोणता अहवाल पाहिला, हे माहिती अधिकारात मागवा. अर्जाला दहा रुपये लागतात.