संगणक सुरू होत नाही? फॉरमॅटची घाई नको

पावसाळ्यातील रात्र. ढगांचा गडगडाट होतो, वीज जाते, क्षणभर येते आणि पुन्हा जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी संगणकाचे बटण दाबावे, तर पडदा काळाच. गोव्यातील घरांना हा अनुभव नवा नाही. अशा वेळी संगणक दुरुस्तीला नेला जातो, 'फॉरमॅट करावे लागेल' असे उत्तर मिळते आणि घरमालक मान डोलावतो. संगणक परत येतो खरा. पण मुलांची छायाचित्रे, एक-चौदाच्या उताऱ्याची स्कॅन प्रत, वर्षानुवर्षांचे हिशेब हे सारे पुसले गेलेले असते. वस्तुतः संगणक सुरू न होणे आणि त्यातील माहिती नष्ट होणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

संगणक तीन टप्प्यांत जागा होतो. प्रथम त्याला वीज मिळते, मग तो स्वतःच्या भागांची तपासणी करतो आणि शेवटी डिस्कवरील विंडोज वाचून घेतो. गाडी कोणत्या टप्प्यावर अडली, हे ओळखले की अर्धे काम झाले.

दिवा नाही, पंखाही नाही

दोष विजेच्या वाटेवर आहे. त्याच सॉकेटमध्ये दुसरे उपकरण लावून पाहावे. वायरची दोन्ही टोके घट्ट बसवावीत आणि संगणकाच्या मागील बाजूचा लहान स्विच तपासावा. लॅपटॉप असल्यास चार्जर काढून बटण तीस सेकंद दाबून धरावे आणि मग चार्जर पुन्हा लावावा. तरीही हालचाल नसेल, तर एसएमपीएसवर संशय घ्यावा. २३० व्होल्टची वीज घेऊन १२, ५ आणि ३.३ व्होल्टचा पुरवठा करणारी ही पेटी विजेच्या चढउताराचा पहिला आघात झेलते. ती बदलता येते. त्यासाठी डिस्कवरील काहीही पुसावे लागत नाही. मात्र ही पेटी घरी उघडू नये. प्लग काढल्यानंतरही तिच्या आत धोकादायक विद्युतभार शिल्लक राहू शकतो.

पंखा फिरतो, पडदा काळा

आधी मॉनिटरची केबल तपासावी. त्यानंतर रॅमकडे वळावे. दमट हवा आणि धूळ यांमुळे रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर सूक्ष्म थर बसतो आणि संपर्क तुटतो. बीप-बीप असा आवाज येण्यामागे अनेकदा हेच कारण असते. प्लग काढावा, शरीरावरील स्थिर वीज निघून जाण्यासाठी कॅबिनेटच्या धातूला हात लावावा आणि रॅम अलगद काढावी. पट्ट्यांवरून खोडरबर हलकेच फिरवून त्याचा चुरा झटकावा आणि 'टक्' असा आवाज येईपर्यंत रॅम पुन्हा बसवावी.

दर वेळी तारीख जुनीच दिसत असेल, तर मदरबोर्डवरील सीआर २०३२ ही तीन व्होल्टची नाण्यासारखी बॅटरी संपलेली असते. ती संपली की काही संगणकांतील मूळ मांडणी विसरली जाते आणि विंडोज कोणत्या डिस्कवर आहे, हेच यंत्राला कळेनासे होते.

कंपनीचे चिन्ह दिसते, विंडोज येत नाही

'फॉरमॅट' हा शब्द बहुधा येथेच ऐकू येतो. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अद्यतनामुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक एकाएकी बंद पडले. त्यांवर मुख्य उपाय होता तो 'सेफ मोड'मध्ये जाऊन एक सदोष फाइल काढून टाकण्याचा.

प्रथम पेनड्राइव्ह आणि इतर जोडणी काढून संगणक सुरू करून पाहावा. सुरू होण्याचा प्रयत्न सलग दोन-तीनदा फसला, की विंडोज स्वतःहून दुरुस्तीचा निळा पडदा दाखवते. त्यातील 'स्टार्टअप रिपेअर' प्रथम निवडावे. त्याने भागले नाही, तर नुकतेच आलेले अद्यतन काढावे किंवा 'सिस्टम रिस्टोअर' वापरावे. 'रिसेट' हा शेवटचा मार्ग होय. त्यातही 'कीप माय फाइल्स' हाच पर्याय घ्यावा. येथे बिटलॉकरची ४८ अंकी किल्ली मागितली जाऊ शकते. ती बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते आणि मोबाइलवरूनही पाहता येते.

मात्र हार्ड डिस्कमधून 'टक-टक' असा आवाज येत असेल, तर संगणक तत्काळ बंद करावा. पुन्हा पुन्हा चालू करण्याच्या प्रत्येक प्रयत्नाने उरलेली माहितीही धोक्यात येते.

दुरुस्तीला देताना एकच अट घालावी: आधी माहितीची प्रत, मग इतर काम. बिघाड विंडोजमध्ये किंवा मदरबोर्डमध्ये असला, तर डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडता येते आणि फाइली उतरवून घेता येतात. बिटलॉकर असल्यास तीच किल्ली तेथेही लागते.

आज संगणक नीट चालत असेल, तर महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवावी. गडगडाट सुरू झाला, की केवळ स्विच बंद करून थांबू नये. संगणकाचा आणि राउटरचा प्लगच काढून ठेवावा. यूपीएस वीज गेल्यावर साथ देतो, पण आकाशातून कोसळणाऱ्या विजेपुढे त्याचा निभाव लागत नाही.