स्कीचे वेगवान वळण: स्थिर समतोलाचे सूत्र कुठे अपुरे पडते?

वळणावर आत कललेल्या सायकलस्वाराचे गणित तुम्ही बारावीपर्यंत केले आहे: कलाच्या कोनाचा टॅन म्हणजे वेगाचा वर्ग भागिले (त्रिज्या गुणिले गुरुत्व त्वरण). स्कीपटूलाही हेच लागू पडते, पण एक मोठा फरक आहे. सायकलस्वार हँडलने त्रिज्या ठरवतो. स्कीपटूच्या वळणाची त्रिज्या मात्र तो किती कलतो यावरच ठरते.

स्की मध्ये अरुंद आणि दोन्ही टोकांना रुंद असते, म्हणजे तिची कड हा एका मोठ्या वर्तुळाचा कंस असतो. पुरुषांच्या जायंट स्लॅलममध्ये ही त्रिज्या किमान ३० मीटर असावी, असा नियम आहे. स्की कडेवर तिरपी केली की ती वाकते आणि वळण आणखी लहान होते. त्याची त्रिज्या अंदाजे स्कीची त्रिज्या गुणिले कोनाचा कॉस इतकी असते. ही किंमत वरच्या सूत्रात घाला. कॉस निघून जातो आणि उरते:

कोनाचा साइन = वेगाचा वर्ग ÷ (गुरुत्व त्वरण × स्कीची त्रिज्या)

येथे उताराचा परिणाम सोडला आहे आणि शरीर व स्की एकाच कोनात कलली आहेत असे धरले आहे.

आता आकडे घाला. सेकंदाला १२ मीटर वेगाला कोन २९ अंश येतो, १५ ला ५०. १७ ला जवळजवळ ८० अंश, आणि पायांवरचा भार वजनाच्या पाचपटीहून जास्त! ताशी ६२ किलोमीटरच्या आसपास साइन १ होतो. त्यापुढे समीकरणाला उत्तरच नाही. स्पर्धक तर हा वेग सर्रास ओलांडतात.

मग ते पडत का नाहीत? कारण आपण स्थिर समतोल गृहीत धरला आणि तो त्यांच्या वळणात जवळजवळ कधीच नसतो. वळणाच्या सुरुवातीला स्कीपटू बल येण्याआधीच शरीर आत झोकून देतो. त्या क्षणी तो खरोखर पडत असतो. मग कड रुतते, बल वाढते, आणि तेच त्याला उचलून पुढच्या वळणाकडे फेकते. आक्रमक तंत्र म्हणजे जास्त ताकद लावणे नव्हे. पडण्याची वेळ अचूक साधणे. वळण फारच तीव्र असेल तर तो आधी स्की आडव्या घसरवून दिशा बदलतो आणि मग कड लावतो. काहींना ही घसरण अशुद्ध वाटते. माझ्या मते सूत्र पाहिल्यावर तो आक्षेप टिकत नाही.

२०१२-१३ च्या हंगामात दुखापती कमी करण्यासाठी ही किमान त्रिज्या ३५ मीटर केली गेली. पुढे ती ३० वर आणली. अमेरिकेच्या टेड लिगेटीने या बदलाला जाहीर विरोध केला होता. मात्र त्या हंगामाची पहिली जायंट स्लॅलम, ऑस्ट्रियातील सोल्डनची, त्यानेच २.७५ सेकंदांनी जिंकली. या खेळात हे अंतर प्रचंड आहे. वळण गेटच्या बरेच आधी सुरू करणे ही त्याची खासियत होती.

म्हणून चित्रफितीचे विश्लेषण करताना सर्वांत कललेली चौकट काढून फक्त कोन मोजू नका. एका वळणाचा कल संपून दुसऱ्याचा सुरू होईपर्यंत किती चौकटी गेल्या आणि कड गेटच्या किती आधी लागली, तेही मोजा. आणि ३५ मीटरसाठी मर्यादेचा वेग काढून पाहा: ताशी सुमारे ६७ किलोमीटर यायला हवा.