घरांतील वृद्ध माणसें आणि दारचा गोडबोल्या

सोयाबीन विकून झालें, कापसाच्या पहिल्या वेचणीचे पैसे हातीं आले, म्हणजे परभणी-मनमाड लोहमार्गावरील आमच्या पेडगांवासारख्या गांवांत नाना प्रकारचे लोक येऊं लागतात. कोणी गुडघेदुखीवरील तेल विकतो, कोणी दागिन्यांस झळाळी आणून देतों म्हणून पाटल्या हातीं घेतो, कोणी पैसे दुप्पट करून देण्याची योजना सांगतो. ह्या सर्वांचें एका गोष्टीविषयीं एकमत असतें. ते घरांतील कर्त्या पुरुषाकडे जात नाहींत. मुलगा व सून शेतांत गेलीं असतां, भर दुपारीं, ओसरीवर बसलेल्या म्हाताऱ्या माणसाशीं ते बोलणें काढतात.

म्हातारीं माणसें भोळीं असतात म्हणून फसतात, असें म्हणण्याची चाल आहे. ती आम्हांस मान्य नाहीं. ज्या गृहस्थानें चाळीस वर्षें बैलाचे दांत मोजून, खांदा चांचपून व चाल न्याहाळून बैल घेतला, ज्या बाईनें ज्वारीचा दाणा दांताखालीं धरून ती किती वाळली हें सांगितलें, तीं भोळीं कशीं? खरी गोष्ट अशी कीं, आज विकला जाणारा माल डोळ्यांनीं पारखण्याजोगा राहिलेला नाहीं. ठेवीची पावती, विम्याचा करार, मोबाईलवर आलेला संदेश, ह्यांस दांत नसतात. मग वृद्ध मनुष्य जुन्या संवयीप्रमाणें मालाऐवजीं माल आणणारासच पारखतो. आणि पारखींत उतरेल असाच मनुष्य नेमका पुढें पाठविलेला असतो. तो भावकींतला असतो, शेजारच्या गांवच्या गुरुजींचा मुलगा असतो, 'मामा', 'मावशी' म्हणून पायां पडणारा असतो.

मराठवाड्यांतील वाचकांस ह्याचें उदाहरण दूर शोधावयास नको. बीड येथील ज्ञानराधा मल्टिस्टेट सहकारी पतसंस्थेच्या शाखा अनेक जिल्ह्यांत पसरल्या होत्या व ठेवींवर दरसाल शेंकडा १२ ते १४ व्याज देऊं केलें जात होतें. सन २०२३ च्या ऑक्टोबरांत तिच्या अध्यक्षांच्या उद्योगसमूहावर आयकर खात्याच्या धाडी पडल्या, ठेवीदारांची पैसे काढण्यास झुंबड उडाली, आणि देणें बंद पडलें. सन २०२४ मध्यें ठिकठिकाणीं गुन्हे नोंदले जाऊन जूनमध्यें अध्यक्षांस अटक झाली. ठेवीदार सुमारें ४ लक्ष असून रक्कम २००० कोटी रुपयांहून अधिक आहे, असें अंमलबजावणी संचालनालयाचें म्हणणें आहे. दोष कोणाचा व किती, हें न्यायालय ठरवील. आमचा मुद्दा वेगळा आहे. ह्या ठेवीदारांत नोकरींतून निवृत्त झालेलीं माणसें होतीं, संपादनांत गेलेल्या जमिनीचा मोबदला ठेवणारे शेतकरी होते. त्यांनीं जुगार खेळण्यासाठीं पैसे दिले नव्हते; बँकेंत ठेवल्यासारखे ते ठेवले होते. पाटीवर 'सहकारी' हा शब्द होता आणि आंत संगणकावर बसलेला मुलगा ओळखीचा होता.

येथेंच एक भेद आहे, जो प्रत्येक घरांत म्हाताऱ्या माणसांस मोठ्यानें व दोनदां सांगितला पाहिजे. बँक निराळी आणि पतसंस्था निराळी. सरकारी बँक, ग्रामीण बँक, नागरी सहकारी बँक किंवा जिल्हा मध्यवर्ती बँक बुडाली, तर ठेव विमा महामंडळाकडून प्रत्येक ठेवीदारास व्याज धरून ५ लक्ष रुपयांपर्यंत रक्कम मिळूं शकते. ही मर्यादा पूर्वीं १ लक्ष होती. ती सन २०२० च्या फेब्रुवारींत वाढविण्यांत आली. पतसंस्था, मग ती एका राज्यापुरती असो वा बहुराज्य असो, ह्या विम्याखालीं मुळींच येत नाहीं. तेथील ठेव बुडाली तर सन १९९९ च्या महाराष्ट्र ठेवीदार हितसंरक्षण कायद्याखालीं संचालकांची मालमत्ता जप्त करून विकण्याची तजवीज आहे खरी, पण तो मार्ग किती लांबीचा आहे हें सत्तरीच्या माणसानें अनुभवून पाहावें असें आम्हांस वाटत नाहीं. सर्वच पतसंस्था वाईट असें म्हणण्याचा आमचा आशय नाहीं. गांवोगांवच्या कित्येक संस्था चोख चालल्या आहेत. परंतु ज्यास नव्यानें कमावण्याचें वय उरलें नाहीं, त्यानें दोन टक्के अधिक व्याजासाठीं विम्याबाहेर कां जावें? साठ वर्षांवरील माणसांसाठीं टपाल कचेरींत व बँकांत ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहे. तिची मुदत पांच वर्षांची असून सन २०२३ पासून तींत ३० लक्ष रुपयांपर्यंत ठेवतां येतात. तिच्या व्याजावर समाधान मानण्यास शिकविणें हें मुलांचें काम आहे.

जमिनीच्या नांवावर पैसे गोळा करणारी पीएसीएल, जीस लोक 'पर्ल्स' म्हणत, तिची कथाही फार जुनी झाली नाहीं. शेतजमीन देऊं अथवा वाढीव रक्कम देऊं, असें सांगून तिनें देशभर ५ कोटी ८५ लक्ष लोकांकडून सुमारें ४९,१०० कोटी रुपये जमविल्याचें सेबीच्या ऑगस्ट २०१४ च्या हुकुमांत नमूद आहे. सन २०१६ मध्यें सर्वोच्च न्यायालयाच्या आज्ञेवरून माजी सरन्यायाधीश लोढा ह्यांची समिती नेमली गेली, आणि लहान रकमांच्या दाव्यांपासून टप्प्याटप्प्यानें परतफेड सुरू झाली. ज्यांच्याजवळ मूळ कागद उरले, त्यांसच कांहीं मागतां आलें. म्हणून 'नूतनीकरण करावयाचें आहे' असें सांगून कोणी मूळ पावती मागितल्यास ती हातची सोडूं नये, निदान तिची छायाप्रत घरीं ठेवावी.

पैशाची गोष्ट ही. जमिनीची याहून कठीण. महसूल खात्यांत आयुष्य गेल्यामुळें ह्या विषयावर आम्ही थोडें अधिक लिहिणार आहों, वाचकांनीं तें सोसावें.

ता. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें कुणब्यांनीं सावकारांच्या घरांवर चाल करून कर्जरोखे जाळले, व हा दंगा आसपासच्या गांवीं व नगर जिल्ह्यांत पसरला. चौकशी होऊन सन १८७९ मध्यें दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यांतील एक कलम आम्हांस फार शहाणपणाचें वाटतें: शेतकऱ्यानें करून द्यावयाचा दस्तऐवज सरकारनें नेमलेल्या ग्रामनिबंधकासमोर लिहिला जावा, एरवीं तो पुराव्यास चालूं नये. आमचा मुलूख तेव्हां निजामाच्या राज्यांत असल्यामुळें तो कायदा इकडे लागू नव्हता, आणि पुढें मूळ मुलखांतही तो राहिला नाहीं. परंतु तिऱ्हाइतानें कागद वाचून दाखवावा आणि मग अंगठा व्हावा, ही त्यांतील युक्ति आजही घरच्या घरीं करण्याजोगी आहे.

कारण आजचा अवैध सावकार रोखा लिहून घेतच नाहीं. तो सरळ नोंदणीकृत खरेदीखत करून घेतो आणि म्हणतो, "काका, हा नुसता तारणाचा कागद, पैसे फिटले कीं जमीन परत तुमच्या नांवानें." दुय्यम निबंधकासमोर वृद्ध शेतकरी पैसे मिळाल्याची कबुली देतो, छायाचित्र निघतें, अंगठा उमटतो, आणि सातबारा फिरतो. सन २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याप्रमाणें परवान्याशिवाय सावकारी करणारास पांच वर्षांपर्यंत कैद किंवा ५०,००० रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही होऊं शकतात. अशा व्यवहारांत बळकावलेली जमीन चौकशीअंतीं परत देवविण्याचा अधिकार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था, ह्यांस आहे. अर्ज त्यांच्याकडे करावा. मात्र व्याज दिल्याचा कांहीं तरी पुरावा लागतो, आणि सावकार पावती देत नाहीं. म्हणून रक्कम रोख न देतां बँकेच्या खात्यांतून द्यावी, म्हणजे खातेपुस्तकच साक्ष देतें.

दुसरा प्रकार लिहितांना लेखणी अडखळते, कारण तेथें गोडबोल्या बाहेरून येत नाहीं. मुलगा, पुतण्या किंवा जांवई 'निराधाराच्या पगाराचे कागद' म्हणून म्हातारीस तालुक्यास नेतो आणि बक्षीसपत्रावर अंगठा घेतो. शेतजमीन व राहतें घर मुलानातवंडांस बक्षीस देण्यास महाराष्ट्रांत सन २०१५ पासून अवघें २०० रुपये मुद्रांक शुल्क आहे. सवलत चांगल्या हेतूनें दिलेली आहे, पण तिच्यामुळें कागद करणें सोपें झालें आणि मोडणें पूर्वींइतकेंच अवघड राहिलें. मृत्युपत्र जिवंतपणीं केव्हांही बदलतां येतें. बक्षीसपत्र तसें येत नाहीं. हा एवढा फरक माहीत नसल्यामुळें किती म्हातारीं माणसें स्वतःच्या ओसरीवर पाहुणीं झालीं! ज्यांस आपल्या हयातींतच वाटणी करून मोकळें व्हावयाचें असेल, त्यांनीं निदान एक वाक्य कागदांत घालून घ्यावें: घेणारानें आमचें अन्नवस्त्र व औषधपाणी जन्मभर पाहावें, ह्या अटीवर हें देणें दिलें आहे. असें वाक्य असल्यास व अट मोडल्यास, सन २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या २३ व्या कलमान्वयें तो दस्त रद्द ठरवितां येतो. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणापुढें, म्हणजे आपल्या भाषेंत प्रांताकडे, करावयाचा असतो. अट सिद्ध करावी लागते, असें सर्वोच्च न्यायालयानें सन २०२२ मध्यें म्हटलें, पुढें ता. २ जानेवारी २०२५ च्या निकालांत, हा कायदा वृद्धांच्या हितासाठीं असल्यामुळें त्याचा अर्थ उदारपणें लावावा असेंही म्हटलें. दोहोंचा मेळ घातला तर अट लेखी असावी हाच शहाणपणा ठरतो.

कागद नकळत झालाच, तर घरच्यांस तो फेरफाराच्या वेळीं कळूं शकतो. तलाठ्याकडे, ज्यास आतां ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, नोंद आली कीं हितसंबंधितांस नोटीस निघते आणि हरकतीस १५ दिवस मिळतात. ह्या नोटिसा 'आपली चावडी' ह्या सरकारी संकेतस्थळावरही पाहावयास मिळतात. शिकलेल्या नातवानें महिन्यांतून एकदां आपल्या गांवचें पान उघडून पाहिलें तर त्याचें कांहीं बिघडत नाहीं. हरकत लेखी द्यावी व पोंच घ्यावी. तोंडी हरकत म्हणजे वाऱ्यावर बोलणें, हें आम्ही चाळीस दप्तरें पाहून सांगतों. मात्र हरकतीनें फेरफार थांबला तरी नोंदलेलें खरेदीखत आपोआप मरत नाहीं. तें रद्द करून घेण्यास दिवाणी न्यायालयांत जावें लागतें, आणि फसवणूक कळल्यापासून त्याची मुदत तीन वर्षांची आहे. आणखी एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. अंथरुणास खिळलेल्या माणसाचा दस्त खरोखरच करावयाचा असेल, तर दुय्यम निबंधकास घरीं बोलावितां येतें; आजाऱ्यास गाडींत घालून नेण्याची घाई करणाराकडे म्हणूनच संशयानें पाहावें.

मोबाईलच्या फसवणुकीविषयीं वर्तमानपत्रांत पुष्कळ येतें, म्हणून थोडक्यांत सांगतों. पोलिस किंवा न्यायाधीश मोबाईलच्या पडद्यावरून कोणासही अटक करीत नाहींत. 'डिजिटल अरेस्ट' नांवाची गोष्ट कायद्यांत नाहीं, हें पंतप्रधानांनींही ता. २७ ऑक्टोबर २०२४ च्या आपल्या आकाशवाणीवरील भाषणांत सांगितलें. पीएम किसानच्या हप्त्याच्या नांवानें येणारी फाईल उघडूं नये. पैसे गेलेच तर १९३० ह्या क्रमांकावर तत्काळ कळवावें, कारण पहिल्या कांहीं तासांत रक्कम पुढच्या खात्यांत अडवितां येण्याचा संभव असतो. खेड्यांत याहून अधिक चालणारा प्रकार अंगठ्याचा आहे. "मावशी, अंगठा उठला नाहीं, पुन्हां ठेवा," असें म्हणून दोनदां पैसे काढणारा मनुष्य म्हातारीच्या हातीं एकदांचेच ठेवतो. श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे १५०० रुपये असे अर्धे होतात. प्रत्येक अंगठ्याची छापील पावती मागावी आणि खातेपुस्तक महिन्यास भरून आणावें. आधारचे ठसे कुलूपबंद करण्याची सोय आहे; पण तसें केल्यास स्वस्त धान्याच्या दुकानींही अंगठा चालत नाहीं, दर वेळीं उघडावें लागतें, हें आधीं समजून घ्यावें.

आतां घरांतल्या वागणुकीविषयीं. ज्या घरांत म्हाताऱ्याच्या लहानशा चुकीवर सून-मुलगा दिवसभर बोलतात, त्या घरांत मोठी चूक लपविली जाते. फसविणारास हवा असतो तो हाच अवकाश. पहिला हप्ता ५,००० चा असतो. तो बुडाल्याचें बोलून दाखविण्याची लाज वाटते म्हणून तो सोडविण्यासाठीं दुसरा २०,००० चा दिला जातो. उलट टोंकास जाऊन खातेपुस्तक, सातबारा व मोबाईल सर्व काढून घेणारेही आम्हीं पाहिले आहेत. असा मनुष्य हातखर्चासाठीं लेकापुढें हात पसरण्यापेक्षां चोरून कोणाचें तरी ऐकेल. त्याचा पैसा त्याच्याच नांवें असावा. मोठी ठेव एका बँकेंत, मोबाईलशीं न जोडलेली, आणि खर्चापुरती रक्कम दुसऱ्या खात्यांत. वारसाचें नांव दोहोंवर लावलेलें असावें. आणि कोणताही कागद असो, त्यावर त्याच दिवशीं सही होणार नाहीं, रात्रीं घरीं वाचला जाईल, अशी चाल घरांतील सर्वांसच असावी, एकट्या म्हाताऱ्यास नव्हे. म्हणजे त्यांत त्याचा कमीपणा राहत नाहीं. प्रामाणिक विकणारा दुसऱ्या दिवशीं पुन्हां येतो.

ज्यांस घरीं सांगण्यासारखें कोणी नाहीं, अशा वृद्धांसाठीं १४५६७ हा सरकारी दूरध्वनि क्रमांक आहे. त्यावर बोलण्यास पैसे पडत नाहींत. प्रांताच्या न्यायाधिकरणांत अर्ज देण्यास वकील लागत नाहीं. साध्या कागदावर आपलें नांव, वय, ज्यांच्याविरुद्ध मागणें आहे त्यांचीं नांवें व पत्ते आणि घडलेली हकीकत लिहावी. सोबत वयाचा पुरावा, सातबारा व दस्ताची प्रत जोडावी आणि आवक शिक्का मारलेली एक प्रत आपल्याजवळ ठेवावी.