केस मुळाकडे चालतो

दारावर ‘केसांवर फुगे’ अशी आरोळी आली की आजी कोनाड्यातला गुंता काढायची. रोज फणीत अडकलेले केस ती बोटाभोवती गुंडाळून तिथे खोचून ठेवत असे. अर्धा गुंता माझ्या फुग्यासाठी, अर्धा तिच्या गंगावनासाठी. फुगा संध्याकाळपर्यंत फुटायचा. त्या गुंत्याचं पुढे काय होतं, हे मात्र मला फार उशिरा कळलं, एका मैत्रिणीसाठी विग शोधायला निघाले तेव्हा. तिची केमोथेरपी सुरू व्हायची होती. खऱ्या केसांच्या विगची किंमत ऐकून ती म्हणाली, “वापरलेला चालेल का गं?”

गंमत अशी की माणसाच्या केसांचा न वापरलेला विग जगात नाहीच. दुकानातल्या कोऱ्या डब्यातले केससुद्धा कुणीतरी आधी वर्षानुवर्षं डोक्यावर वागवलेले असतात. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे हातभर लांबीचा केस कुणाच्या तरी आयुष्याची चार-पाच वर्षं घेऊन आलेला असतो.

आता एक प्रयोग करा. स्वतःचा एक लांब केस घ्या, अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये त्याच्या लांबीच्या दिशेने धरा आणि बोटं पुढेमागे चोळा. केस चालू लागेल! आणि चालेल तो नेहमी मुळाच्या दिशेनेच. केसावर कौलांसारखे एकावर एक बसलेले खवले असतात आणि त्यांच्या मोकळ्या कडा टोकाकडे वळलेल्या असतात. बोट टोकाकडे जाताना त्यावरून घसरतं, मुळाकडे येताना कडांना अडकून केसाला सोबत ओढतं. केस कापून कितीही वर्षं झाली तरी खवले शाबूत असले तर मूळ कुठल्या बाजूला होतं हे तो सांगतो.

विगच्या धंद्याचं सगळं अर्थकारण या कौलांवर उभं आहे. तिरुमलाला भाविक मुंडण करतात, त्यातल्या लांब केसांच्या जुड्या बांधल्या की सगळी मुळं एकीकडे राहतात. असे केस ‘रेमी’ म्हणून चढ्या भावाने विकले जातात. आजीच्या गुंत्यात मात्र मुळं-टोकं उलटसुलट. असा गळलेल्या केसांचा माल धंद्यात ‘गोळी’ म्हणून ओळखला जातो आणि कर्नाटकातल्या कोप्पळजवळच्या भाग्यनगरसारख्या गावांत माणसं बसून तो केस-केस सोडवतात. उलटसुलट कौलं एकमेकांत अडकून जटा होऊ नयेत म्हणून पुढे अशा केसांचे खवलेच आम्लाने काढून टाकतात आणि वर सिलिकॉनचा मुलामा देतात. नवा असताना तो विग रेशमासारखा चमकतो. धुता धुता मुलामा उतरतो आणि केस राठ होऊन गुंतायला लागतात.

म्हणूनच मला वाटतं, वापरलेला विग घेणाऱ्याची एका बाबतीत सोयच होते. नव्या विगची चमक फसवू शकते. दहा वेळा धुतलेल्याला लपवायला काही उरलेलं नसतं. मानेवर घासणारा भाग आधी बघा, जटा तिथे पहिल्यांदा धरतात. तिथून बोटं फिरवा. मग विकणाऱ्याला विचारून दोन-तीन जागचा एकेक केस घ्या आणि विगपासून लांब नेऊन जाळा. खरा केस जळका वास सोडतो आणि राख चिमटीत चुरडते. कृत्रिम धागा वितळून त्याचा टणक मणी होतो. दोन-तीन जागचे अशासाठी, की ‘खरे केस’ म्हणून भेसळ खपवणारे कमी नाहीत. कृत्रिम विग वाईट असतो असं नाही, पण त्याला गरम पाणी आणि ड्रायर सहसा सोसत नाही. धागा आकसतो आणि तो पुन्हा सरळ होत नाही.

केस हा तसा अविनाशी पदार्थ. डोक्यावर असतानाही तो मेलेलाच असतो. जिवंत असतं ते त्वचेखालचं मूळ. १९०६ साली इजिप्तमधल्या देर अल-मदिना इथे खा आणि त्याची बायको मेरित यांचं न लुटलेलं थडगं सापडलं. त्यात मेरितचा विग होता, स्वतःच्या लाकडी पेटीत ठेवलेला. सुमारे ३,४०० वर्षांपूर्वीचा तो वापरलेला विग आज इटलीत तोरिनोच्या संग्रहालयात आहे आणि त्याच्या वेण्या अजून शाबूत आहेत.

तेव्हा घाबरायचं ते केसांना नव्हे, आतल्या टोपीला. घाम, तेल, कोंडा, गोंद सगळं तिथेच मुरतं. विग उलटा करून उजेडात बघावा: सैल पडलेलं इलॅस्टिक, फाटलेली जाळी, चिकट कडा. विकणारा आतल्या बाजूचा फोटो द्यायला कां कूं करत असेल तर पैसे पाठवू नयेत.

उवांची भीती जुनीच आहे. लंडनचा रोजनिशीकार सॅम्युअल पीप्स १६६७ साली वैतागून लिहितो की ओळखीच्या विगवाल्याने आणलेला विग लिखांनी भरलेला निघाला, आणि ही त्याची जुनीच खोड. त्याआधी १६६५च्या प्लेगमध्ये तर नवाकोरा विग घालायलाही तो धजत नव्हता. हे केस प्लेगने मेलेल्यांचे असतील, अशी लोकांना धास्ती वाटेल असं त्याने नोंदवलंय. आपण त्याच्यापेक्षा सुखी आहोत, कारण आपल्याला ऊ कशी जगते ते ठाऊक आहे. रक्त मिळालं नाही तर ती एक-दोन दिवसांत मरते. लिखांना टाळूजवळची ऊब लागते, ती नसली तर त्या फुटत नाहीत. विग प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे ठेवला की हा प्रश्न औषधाविना मिटतो. नायट्याची बुरशी जास्त चिवट. तिचे बीजाणू फणीवर आणि टोपीत महिनोन्‌महिने टिकू शकतात. टोपीत पापुद्रे दिसले, कुबट वास आला, तर कितीही स्वस्त असो, सोडून द्यावा. जुना ब्रश तर फुकटही घेऊ नये. केमोच्या काळात प्रतिकारशक्ती कमी असते, म्हणून मैत्रिणीने आधी डॉक्टरांना विचारलं आणि विगखाली घालायला मऊ सुती टोपी नवी घेतली.

विकणाऱ्याने विग धुऊन, पूर्ण वाळवून द्यावा आणि कापला किंवा रंगवला असेल तर तसं सांगावं. विगचा कापलेला केस परत वाढत नाही, हे कात्री हातात घेताना फार जणांच्या लक्षात येत नाही.

एका ठिकाणी मात्र जुनेपणालाच भाव आहे. इंग्लंडमधल्या बॅरिस्टरांचा विग घोड्याच्या केसांचा. पिवळट, विटलेला विग म्हणजे मुरलेला वकील, असा तिथला समज. त्यामुळे एकच विग पुढच्या पिढीकडे जातो आणि नवशिक्याला कोऱ्या पांढऱ्या विगची लाज वाटते.

मैत्रिणीला मिळाला तो विग खांद्यापर्यंतचा, रेमी. त्या रात्री मी आजीचं गंगावन ट्रंकेतून काढलं, त्यातले दोन केस ओढले आणि गंगावनात होते तसेच, शेजारी शेजारी चिमटीत धरून बोटं चोळली. एक माझ्याकडे आला. दुसरा पलीकडे निघून गेला.