हाडांचे भांडवल

गतवर्षी पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या मोठ्या काकू पहाटे देवघराकडे जाताना ओल्या फरशीवरून घसरल्या. उंचावरून पडल्या नव्हत्या. उभ्या होत्या तेथेच एका कुशीवर कोसळल्या. तरीही मांडीचे हाड खुब्याजवळ मोडले. शस्त्रक्रिया यथासांग झाली, परंतु सारे घर ज्यांच्या पावलांनी जागे होत असे, त्या काकू आज काठीशिवाय चालू शकत नाहीत.

त्या वेळी डॉक्टरांनी एक साधा प्रश्न विचारला, "यापूर्वी यांचे हाड कधी मोडले होते का?" तेव्हा आम्हांस आठवले. सहा वर्षांपूर्वी अशाच किरकोळ पडण्याने त्यांचे मनगट मोडले होते. प्लास्टर घातले, दीड महिन्याने काढले आणि आम्ही ती गोष्ट विसरून गेलो. पुढे त्यांची पाठ वाकू लागली, उंचीही कमी भासू लागली. ते सारे आम्ही वयाच्या खात्यावर मांडले. हाडे सहा वर्षे सूचना देत होती. वाचणारा मात्र कोणी नव्हता.

हाड हे दगडासारखे निर्जीव नाही. कोलॅजेन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंवर कॅल्शियम व फॉस्फरस यांच्या खनिजाचे थर बसून ते घडते. खनिज त्यास कठीणपणा देते, तंतू लवचीकपणा देतात. लहान मुलांच्या हाडांत लवचीकपणा अधिक, म्हणून ती कित्येकदा ओल्या फांदीप्रमाणे वाकून अर्धवटच चिरतात. हाड दाब चांगला सोसते. ताण व पीळ मात्र तितका सोसत नाही. म्हणूनच डोक्यावर ओझे वाहणाऱ्याचे हाड शाबूत राहते आणि पाय मुरगळून पडणाऱ्याचे मोडते.

बसणारा आघात हाडाच्या ताकदीपेक्षा मोठा झाला की हाड मोडते. वाहनाच्या अपघातात निरोगी हाडही मोडेल. परंतु उभ्याने पडल्यावर हाड मोडले, तर आघात मोठा होता असे न समजता हाड दुबळे होते का, हे तपासले पाहिजे. या दुबळेपणाचे मुख्य कारण म्हणजे अस्थिसुषिरता, अर्थात ऑस्टिओपोरोसिस. हाडाचा अंतर्भाग बारीक उभ्या-आडव्या तुळयांच्या जाळीसारखा असतो. या रोगात तुळया बारीक होतात, काही तुटून नाहीशा होतात. माळ्याचे आडवे वासे काढून घेतले तर उभे खांब वाकू लागतात, तसेच मणक्यांचे होते. ते हळूहळू चेपतात, बहुधा फारशा वेदनेवाचून, आणि माणूस वाकतो.

आपल्या वाचकांस हा व्यवहार जमाखर्चाच्या भाषेत लवकर उमगेल. शरीरातील सुमारे 99 टक्के कॅल्शियम हाडांत व दातांत साठविलेले असते. हृदय, स्नायू व मज्जातंतू यांच्या कामासाठी रक्तातील कॅल्शियम ठरावीक प्रमाणात राहावेच लागते. आहारातून ते पुरेसे मिळाले नाही, तर शरीर हाडांतून उचल करते. हाडांतही काही पेशी जुने हाड काढतात, काही नवे बांधतात. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा भाग दरवर्षी नवा होतो. तिशीच्या सुमारापर्यंत जमा अधिक असते, पुढे खर्च वाढत जातो. स्त्रियांमध्ये मासिक पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन घटते आणि पहिली काही वर्षे ही झीज फार वेगाने होते. दम्यासाठी वा सांधेदुखीसाठी दीर्घकाळ घेतलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या, धूम्रपान आणि मद्य यांनीही ती वाढते.

पेढीवरील जीवनक्रमाचाही यात वाटा आहे. हाडावर भार पडला तर ते बळकट होते, भार गेला तर झिजते, हा नियम यूलिउस वोल्फ या जर्मन शल्यविशारदाने 1892 मध्ये मांडला. अंतराळवीरांच्या खुब्याचे हाड वजनरहित अवस्थेत दरमहा एक टक्क्याहून अधिक घटते, हे त्याचेच प्रत्यंतर होय. सकाळपासून रात्रीपर्यंत गादीवर वा गल्ल्यावर बसणाऱ्याने हे ध्यानी घ्यावे. कॅल्शियम अंगी लागण्यास ड जीवनसत्त्व लागते व ते त्वचेत सूर्यकिरणांनी तयार होते. दुकानाच्या काचेतून येणारे ऊन मात्र त्यासाठी उपयोगी नाही.

प्रौढास दररोज सुमारे 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम लागते; पाळी थांबलेल्या स्त्रीस 1200. पेलाभर दुधात सुमारे 240 मिलिग्रॅम, तर 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम असते. तीळ, राजगिरा व दही हेही आपल्याच स्वयंपाकघरातले. अर्थात शाकाहारात उणीव नाही. उणीव असते ती घरातील स्त्रीच्या ताटात, जी सर्वांना वाढून उरलेले खाते. औषधाविषयी एक दक्षता घ्यावी. अनेक कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून केलेले असते. डॉक्टरांस व औषधविक्रेत्यास तसे स्पष्ट विचारावे. गोळी वा भुकटीच्या रूपातही पर्याय मिळतात. मात्र नियमापोटी औषधच सोडून देऊ नये. दीर्घ उपवास करणाऱ्या वडीलधाऱ्यांनीही आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा.

हाडांची घनता डेक्सा नावाच्या तपासणीने काही मिनिटांत, वेदनेवाचून कळते. तिचा टी-स्कोअर उणे 2.5 वा त्याहून खाली असल्यास रोग निश्चित मानावा, असा निकष जागतिक आरोग्य संघटनेने 1994 मध्ये दिला. झीज रोखणारी औषधे आज उपलब्ध आहेत. त्यांच्या जोडीला रोजचे चालणे, न्हाणीघरात धरावयास दांडी, रात्री मंद दिवा व कोरडी फरशी एवढे केले तरी पुष्कळ अपघात टळतात.

काकूंनंतर आम्ही धाकट्या काकूंची तपासणी करविली. त्यांचीही हाडे विरळ झालेली निघाली. उपचार सुरू झाले. आता त्या रोज सकाळी उन्हात अर्धा तास चालतात, आणि परतल्यावर मोठ्या काकूंचा हात धरून त्यांना अंगणात एक फेरी घालवितात.

वाचक बंधु-भगिनींनो, आपल्या घरात पन्नाशीनंतर कोणाचे मनगट मोडले असेल, कोणाची पाठ वाकत असेल, तर आज त्यांची विचारपूस करा. आम्ही सहा वर्षे उशीर केला. आपण करू नये.